शब्दाचे मूळ छापताना साल आणि मुलूखही छापा

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

इंग्रजी शब्दांच्या जन्मकथा सांगणारे मजकूर मराठी वर्तमानपत्रांत नेमाने येतात आणि लोक ते आवडीने वाचतात. त्या आवडीबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार एवढीच, की शब्द कोणत्या साली, कोणत्या भागात आणि कोणत्या रूपात पहिल्यांदा लिहिलेला सापडतो, हे या मजकुरांत जवळजवळ कधीच नसते. असते ती एक चटकदार गोष्ट आणि तिच्या शेवटी ‘म्हणे’. रोजच्या वापरातल्या शब्दाबद्दल असे काही छापून आले तर कोणीतरी हरकत घेतो. वापरातून गेलेल्या बोलीतल्या शब्दाला मात्र वाली नसतो, आणि चूक वर्षानुवर्षे एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत राहते. अशा शब्दाचे मूळ कसे तपासायचे, हे एकच शब्द घेऊन दाखवतो.

शब्द आहे ‘ॲटरकॉप’. अर्थ कोळी, जाळे विणणारा किडा, मासे पकडणारा माणूस नव्हे. उत्तर इंग्लंडच्या आणि स्कॉटलंडच्या बोलींत तो एकोणिसाव्या शतकापर्यंत चांगला रुळलेला होता. प्रमाण इंग्रजीत मात्र ‘स्पायडर’ने त्याची जागा केव्हाच घेतली. १९३७ साली इंग्रज लेखक टोल्किन यांच्या ‘द हॉबिट’ या कादंबरीत अरण्यातल्या महाकाय कोळ्यांना चिडवण्यासाठी हा शब्द आला, आणि तेव्हापासून तो लेखकाने घडवलेला शब्द आहे असे सर्रास सांगितले जाते. हे चूक आहे. पुस्तक आले तेव्हा शब्दाचे वय नऊशे वर्षांच्या पुढे होते. टोल्किन स्वतः १९१९-२० मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशाच्या कामावर होते, आणि विद्यार्थिदशेत ते बोलीकोशकार जोसेफ राइट यांच्या हाताखाली शिकले होते. त्यांनी शब्द जुन्या इंग्रजीतून उचलला.

पहिले काम म्हणजे जुनी रूपे सालवार मांडणे. इसवी सन १००० च्या आसपासच्या जुन्या इंग्रजी औषधी ग्रंथांत ‘अत्तोरकोप्पे’ असे रूप आहे, आणि ते कोळ्याच्या दंशावरच्या उपायांत येते. पुढे बाराव्या शतकाची अखेर ते तेरावे शतक या काळातल्या ‘द आउल अँड द नाइटिंगेल’ या दीर्घ कवितेत घुबड नाइटिंगेल या गाणाऱ्या पक्ष्याला हिणवते, की तुझे खाणे ते काय, अॅटरकॉप, घाणेरड्या माश्या आणि किडे. इथे ‘अत्तोर’चे ‘अत्तेर’ झालेले दिसते. त्यानंतर बोलींत ॲटरकॉब, एटरकॅप, एदरकॅप अशी रूपे फुटतात. शेवटची दोन मुख्यतः स्कॉटलंडची. हा क्रम एकदा कागदावर उतरवला की निम्म्या दंतकथा आपोआप गळतात. ‘कॅप’ म्हणजे टोपी, कोळ्याच्या डोक्यावर विषाची टोपी, हा खुलासा घ्या. ‘कॅप’ हे रूप सर्वांत उशिराचे आहे. हजार वर्षांपूर्वीच्या शब्दाचे मूळ त्यात असूच शकत नाही. लोकांना ‘कॉप’चा अर्थ लागेनासा झाला आणि त्यांनी ओळखीचा शब्द तिथे बसवला.

आता फोड. ‘अत्तोर’ म्हणजे विष. त्याचे अधिक जुने रूप ‘आतोर’, पहिला स्वर दीर्घ. हा शब्द खरोखर जर्मानिक कुळातला, म्हणजे इंग्रजी, जर्मन, डच, डॅनिश या भाषांच्या समान वारशातला आहे का, हे पाहायला दोन कसोट्या पुरतात. पहिली स्वराची. जुन्या इंग्रजीतल्या दीर्घ ‘आ’च्या जागी जर्मनमध्ये ‘आय’ येतो: दगडाला जुन्या इंग्रजीत ‘स्तान’, जर्मनमध्ये ‘श्टाइन’. त्या हिशेबाने ‘आतोर’चा जर्मन भाऊ ‘आय’ने सुरू व्हायला हवा, आणि तो तसाच आहे: ‘आयटर’. दुसरी कसोटी व्यंजनाची. इंग्रजी ‘वॉटर’ जर्मनमध्ये ‘वासर’ होते, म्हणजे ‘ट’चा ‘स’ होतो. मग ‘आयटर’मध्ये ‘ट’ कसा टिकला? कारण मुळात इथे ‘ट’ला लागूनच ‘र’ होता, मध्ये स्वर नव्हता, आणि ‘ट्र’ या जोडाक्षरात हा बदल होत नाही. ‘बिटर’ म्हणजे कडू हा शब्द याच कारणाने दोन्ही भाषांत ‘बिटर’ राहिला. दोन्ही कसोट्या उतरल्या, म्हणून नाते पक्के. नुसता उच्चार जुळला म्हणून नव्हे, तर नियमाने जुळायला हवा तसा जुळला म्हणून.

जर्मन ‘आयटर’चा अर्थ मात्र विष नाही, पू आहे. डच ‘एटर’चाही अर्थ पू. स्वीडिश ‘एटर’ आणि डॅनिश ‘एदर’ म्हणजे पुन्हा विष. हा अर्थभेद गोंधळात टाकतो, पण त्याची वाट सरळ आहे. मूळ धातूचा अर्थ सुजणे. ग्रीकमधला सुजेसाठीचा ‘ओइदेमा’ हा शब्द, ज्यावरून वैद्यकातला ‘इडीमा’ आला, तो याच धातूचा. विषारी दंशाने अंग सुजते आणि चिघळलेल्या जखमेत पू होतो. एका भाषेने सुजेचे कारण उचलले, दुसरीने परिणाम. उत्तर इंग्लंडच्या बोलींत तर ‘ॲटर’चा पू हाही अर्थ होता, म्हणजे दोन्ही अर्थ शेजारी शेजारी नांदले.

इथे दोन खड्डे आहेत आणि लिहिणारे हमखास त्यांत पडतात.

पहिला ‘ॲडर’ या शब्दाचा. ॲडर हा इंग्लंडमधला विषारी साप. विष, साप, ॲटर, ॲडर. अर्थही जवळ, उच्चारही जवळ. तरी नाते शून्य. ‘ॲडर’चे जुने रूप ‘नॅड्रे’, सुरुवातीला ‘न’. जर्मनमध्ये आजही ‘नाटर’ म्हणतात. इंग्रजीत ‘अ नॅडर’ असे म्हणताना शब्दांची सीमा सरकली आणि ते ‘अॅन ॲडर’ झाले. ‘नॅप्रन’चे ‘एप्रन’ झाले ते असेच. उलट दिशेनेही हे घडते: ‘अॅन एकनेम’, म्हणजे एक जादा नाव, यातला ‘न’ पुढच्या शब्दाला चिकटला आणि ‘निकनेम’ तयार झाले. शिवाय ‘र’च्या आधीचे व्यंजन दुप्पट होण्याची खोड जुन्या इंग्रजीत होती. ‘आतोर’चे ‘अत्तोर’ आणि ‘नॅड्रे’चे ‘नॅड्ड्रे’ झाले ते त्यामुळे, आणि दोन शब्द ऐकायला आणखी जवळ आले. एकाच्या तोंडी मुळात ‘न’ आहे, दुसऱ्याच्या नाही. जुने रूप पाहिले की वाद संपतो.

दुसरा खड्डा खास आपल्यासाठी आहे. ‘अत्तोर’ वाचल्याबरोबर मराठी माणसाला ‘अत्तर’ आठवते, आणि ‘विष आणि सुगंध एकाच कुपीतले’ असे काहीतरी लिहिण्याचा मोह होतो. ‘अत्तर’ अरबी ‘इत्र’वरून फारसीमार्गे आला. ‘अत्तोर’ अरबीशी कसलाही संबंध येण्याच्या कितीतरी आधीपासून जर्मानिक भाषांत आहे. हे साम्य निव्वळ योगायोगाचे.

शब्दाचा उत्तरार्ध ‘कॉप’ जास्त अवघड आहे, आणि तिथे दोन मते आहेत हे प्रामाणिकपणे छापायला हवे. जुन्या इंग्रजीत ‘कोप्प’ म्हणजे टोक, माथा, शिखर. चेशायर आणि स्टॅफर्डशायरच्या हद्दीवरच्या ‘माउ कॉप’ या टेकडीच्या नावात तो आहे. कातकामात चातीवर गुंडाळून झालेल्या निमुळत्या सुताच्या कांडीलाही लँकशायरच्या गिरण्यांत ‘कॉप’ म्हणत. याच शब्दाला पेल्याचाही अर्थ होता. तेव्हा ‘विषाचे डोके’, ‘विषाची गाठ’ किंवा ‘विषाचा पेला’ असा अर्थ एक बाजू लावते. कोळ्याचे गोल पोट डोळ्यांसमोर आणले तर हे पटण्यासारखे आहे. दुसरी बाजू म्हणते, की ‘कोप्पे’ हा एकटाच कोळी या अर्थाचा शब्द होता आणि त्याला मागाहून विष चिकटले. आम्हाला दुसरी बाजू वजनदार वाटते. पश्चिम फ्लेमिशमध्ये, म्हणजे बेल्जियमकडच्या डच बोलीत, कोळ्याला नुसते ‘कोब’ म्हणतात. आणि रोजच्या इंग्रजीतला ‘कॉबवेब’ म्हणजे कोळिष्टक हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत ‘कोप्पेवेब’ आहे. ‘कोप्पे’चे जाळे म्हणजे कोळ्याचे जाळे, विषाचा तिथे मागमूस नाही. ‘व’च्या शेजारी येऊन ‘प’ मऊ झाला आणि ‘ब’ झाला. वेल्श भाषेतला कोळ्यासाठीचा ‘प्रीव कॉपिन’ हा शब्दही इंग्रजीच्या याच ‘कॉप’वरून घेतलेला आहे. म्हणजे अॅटरकॉप मेला, पण त्याचे अर्धे अंग झाडू हातात घेणाऱ्या प्रत्येक इंग्रजाच्या तोंडी जिवंत आहे.

‘विषाचा पेला’ या अर्थाच्या बाजूने एक पुरावा पुढे केला जातो, तो का टिकत नाही हेही सांगायला हवे. पेल्यात कोळी असेल तर पेय विषारी होते, पण पिणाऱ्याने तो पाहिला तरच, अशी एक समजूत होती, आणि शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये तिचा उल्लेख आहे. नाटक १६१० च्या सुमाराचे. शब्द १००० च्या सुमाराचा. सहाशे वर्षांनंतरची समजूत शब्दाच्या जन्माला साक्षीदार होऊ शकत नाही.

एक गोष्ट आम्हाला या शब्दात फार मोलाची वाटते. जुन्या इंग्रजीत कोळ्याला एकच नाव नव्हते. ‘बाल्ड्स लीचबुक’ हा दहाव्या शतकातल्या हस्तलिखितात टिकलेला वैद्यकग्रंथ आहे. त्यात ‘हुंटा’, म्हणजे शिकारी, नावाच्या कोळ्याच्या दंशावर उपाय दिला आहे: दंशाजवळ तीन चिरा पाडाव्यात, रक्त हेझलच्या ओल्या काठीवर वाहू द्यावे आणि ती रस्त्यापलीकडे फेकून द्यावी. हा हुंटा म्हणजे ‘गाँगेलवॅव्ह्रे’पैकी जास्त जोरकस प्रकार, असा खुलासाही तिथे आहे. ‘गाँगेल’ म्हणजे चालणारा; ‘वॅव्ह्रे’चा अर्थ सहसा विणकर असा लावतात. आणि ‘स्पायडर’? तो ‘स्पिन’ म्हणजे कातणे या धातूवरून. मग त्यातला ‘न’ गेला कुठे? ‘थ’, ‘स’, ‘फ’ यांच्या आधीचा अनुनासिक इंग्रजीत गळतो आणि मागचा स्वर दीर्घ होतो. जर्मन ‘गान्स’ पण इंग्रजी ‘गूस’. जर्मन ‘फ्युन्फ’ पण इंग्रजी ‘फाइव्ह’. तसे ‘स्पिन्थ्र’चे ‘स्पीथ्रा’ झाले, आणि पुढे ‘मर्दर’चे ‘मर्डर’ व्हावे तसा त्यातला ‘थ’ ‘ड’ झाला. शिकारी, चालता विणकर, कातणारा, विषारी: एकाच किड्याकडे चार बाजूंनी पाहून ठेवलेली चार नावे. यांतले एक राहिले, बाकीची गेली. यॉर्कशायर-नॉटिंगहॅमशायरकडे ‘अॅरेन’ हा फ्रेंचवरून आलेला पाचवाही होता.

(संस्कृतातला ‘ऊर्णनाभ’ याच पंगतीचा. वैदिक रूप ‘ऊर्णवाभि’, म्हणजे लोकर विणणारा. विणण्याच्या अर्थाचा तो धातू लोकांना ओळखू येईनासा झाला, आणि कोळी पोटातून सूत काढतो हे दिसत होते, म्हणून ‘वाभि’ची ‘नाभि’ झाली. ‘कॉप’चे ‘कॅप’ झाले त्याच जातीचा हा बदल.)

अर्थाबद्दल. बोलीकोशांत अॅटरकॉपचे तीन अर्थ मिळतात: कोळी, कोळ्याचे जाळे, आणि तिरसट, आग ओकणारा माणूस. तिसरा अर्थ स्कॉटलंडच्या ‘एटरकॅप’मध्ये विशेष ठळक आहे. विषावरून स्वभावाकडे जाणे आपल्याला परके नाही; ‘विखारी’ शब्द आपण असाच वापरतो. भाषांतर करणाऱ्याने आधी तीनपैकी कोणता अर्थ आहे ते ठरवावे. ‘छतावरचे अॅटरकॉप झाडून काढ’ अशा वाक्यात ‘कोळी’ लिहिले तर चूक. तिथे ‘जळमटे’ किंवा ‘कोळिष्टके’ हवीत. माणसाला उद्देशून असेल तर ‘खाष्ट’ किंवा ‘विखारी’ चालेल.

‘नामशेष’ या शिक्क्याबद्दलही सावध राहावे. कोश एखाद्या शब्दाला कालबाह्य म्हणतो तेव्हा तो सहसा लिखित प्रमाण भाषेबद्दल बोलत असतो. आणि इंग्रजीत जो शब्द संपला तो डेन्मार्कमध्ये ‘एदरकॉप’ या रूपात आजही रोजचा आहे. नॉर्वेतही कोळ्याला हाच शब्द आहे.

तपासायचे कुठे? बोलीतल्या शब्दासाठी पहिला आधार जोसेफ राइट यांचा ‘इंग्लिश डायलेक्ट डिक्शनरी’, सहा खंड, १८९८ ते १९०५. राइट यॉर्कशायरचे. सहाव्या वर्षी ते दगडखाणीत गाढवाबरोबर राबत होते, मग गिरणीत भरलेल्या बॉबिन काढायच्या कामाला लागले, आणि पंधराव्या वर्षापर्यंत त्यांना लिहितावाचता येत नव्हते. पुढे हायडेलबर्गची डॉक्टरेट आणि १९०१ पासून ऑक्सफर्डचे प्राध्यापकपद. या कोशात प्रत्येक अर्थासमोर परगण्याचे संक्षिप्त नाव असते, आणि ते वाचणे हेच खरे काम आहे. ‘कंबरलंड’ असे लिहिले असेल तर पुरावा नेमका. नुसते ‘उत्तर मुलूख’ असेल तर तो बहुधा जुन्या शब्दसंग्रहातून उतरवलेला असतो, आणि त्यावर फार भार टाकू नये. इन्सब्रुक विद्यापीठाने हा कोश इंटरनेटवर खुला केला आहे, त्यामुळे पुस्तक मिळत नाही ही सबब उरलेली नाही.

राइट यांच्या आधी १८७३ ते १८९६ या काळात इंग्रजीचे भाषाभ्यासक वॉल्टर स्कीट यांनी स्थापलेल्या ‘इंग्लिश डायलेक्ट सोसायटी’ने परगण्यापरगण्याचे शब्दसंग्रह छापले, त्याच्याही आधी, १६७४ मध्ये, जॉन रे यांचा संग्रह आला. अलीकडचा पुरावा हवा असेल तर लीड्स विद्यापीठाचे बोली सर्वेक्षण पाहावे: १९५० ते १९६१, ३१३ ठिकाणे, तेराशेहून अधिक प्रश्न, आणि उत्तरे देणारे बहुतेक खेड्यातले म्हातारे. प्रश्न विचारताना अपेक्षित शब्द स्वतः उच्चारायचा नाही, वस्तू दाखवायची किंवा वर्णन करायचे, असा दंडक होता. शब्द आधी कानावर पडला की माणूस ‘हो, म्हणतात’ असे म्हणून टाकतो, आणि तो पुरावा वाया जातो.

जुन्या संग्रहांतला मोठा धोका म्हणजे ते एकमेकांवरून उतरवलेले असतात. चार पुस्तकांत शब्द सापडला म्हणजे चार साक्षीदार मिळाले असे नसते. बऱ्याचदा साक्षीदार एक आणि नकला तीन. शिवाय वाचनाच्या चुका आहेतच. जुन्या हस्ताक्षरात ‘सी’ आणि ‘टी’ ओळखू येत नाहीत, लांब ‘एस’ ‘एफ’सारखा दिसतो, ‘थ’साठीचे ‘थॉर्न’ हे अक्षर ‘वाय’ म्हणून वाचले जाते. अशा चुकांतून जन्मलेल्या, कधीच न बोलल्या गेलेल्या शब्दांना स्कीट यांनी १८८६ मध्ये ‘भूतशब्द’ हे नाव दिले. त्यांचे एक उदाहरण आपल्याशी संबंधित आहे. १८०८ मध्ये ‘एडिनबरो रिव्ह्यू’ या नियतकालिकात छापून आले, की हिंदू लोक हातांतून ‘काइम्स’ आरपार घालतात. ‘काइम’ हे कोणते हत्यार? कोणतेच नाही. ‘नाइव्ह्ज’, म्हणजे सुऱ्या, हा शब्द जुळाऱ्याने चुकीचा वाचला होता.

म्हणून आमची विनंती: शब्दाच्या व्युत्पत्तीचा मजकूर छापताना खाली एक चौकट द्यावी. अॅटरकॉपची अशी होईल:

‘जुने रूप: अत्तोरकोप्पे, सुमारे इ. स. १०००. मुलूख: पुढे उत्तर इंग्लंड, स्कॉटलंड. पूर्वपद: विष, जर्मन आयटर, डॅनिश एदर यांचे सगोत्र, खात्रीचे. उत्तरपद: कोळी किंवा माथा, मतभेद. अर्थ: कोळी, जाळे, तिरसट माणूस. ॲडर आणि अत्तर यांच्याशी संबंध नाही.’

सारा मजकूर चाळीसेक शब्दांचा आहे. गोष्ट छापायची असेल तर तिच्या खालीही तो बसतो. एखाद्या रकान्यात लिहिण्यासारखे काही मिळाले नाही, तर तिथे ‘माहीत नाही’ असे छापावे, पण रकाना गाळू नये.

कळावे,
आपले विश्वासू,
इंग्रजी बोलींचे काही अभ्यासक